तिला सांगितलंय का?

आजाऱ्याला भेटायला जाणं हे आमच्या भडगावात कर्तव्य मानलं जातं. लग्नाला एक वेळ नाही गेलं तरी चालतं, आहेर मागाहून पोचवता येतो. दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाकडे मात्र गेलंच पाहिजे, आणि तेही तो बरा व्हायच्या आत. उशीर झाला आणि तो उठून पारावर जाऊन बसला, की भेट वाया गेली. या भेटीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. हातात केळी किंवा बिस्किटाचा पुडा हवा. बसल्यावर आधी पावसाचं, मग कपाशीचं बोलायचं. रोग्याकडे बघून ‘बरीच सुधारणा आहे की’ म्हणायचं. निघताना ओट्यावर चपला शोधत शोधत घरच्यांना हळू आवाजात विचारायचं, ‘डॉक्टर काय म्हणता? खरं सांगा.’ आणि पायरी उतरता उतरता आपल्या नात्यातल्या एकाची गोष्ट सांगायची, ज्याला अगदी हेच झालं होतं. तो पुढे वाचला की गेला, हे ऐकणाऱ्याचा चेहरा बघून ठरवायचं.

ही सगळी यंत्रणा 2025च्या श्रावणात आमच्या घरावर चालून आली. आजारी होती आमची कुत्री.

कुत्री गावठीच. लेक कॉलेजात असताना गिरणेच्या पुलाजवळून पिशवीत घालून तिला घेऊन आली, ब्राउनी असं नाव ठेवलं, आणि शिक्षणासाठी पुण्याला निघून गेली ती तिकडेच नोकरीला लागली. कुत्रं पाळायचा हट्ट करणारी पिढी वेगळी आणि कुत्रं पाळणारी पिढी वेगळी, हा नियम घरोघरी सारखाच आहे. आईच्या तोंडात ब्राउनी बसेना, तिने आठवड्याभरात तिची भवानी करून टाकली. गल्लीनेही तेच उचललं.

गाठ सापडली ती आईलाच, पोट खाजवताना. (‘मला कुत्र्यामांजराचा मुळीच नाद नाही’ असं सांगत आई रोज दिवेलागणीला तिचं पोट खाजवते.) गाठी मोजायची आपली सगळी मापं किराणा दुकानात आणि भाजीबाजारात ठरलेली आहेत. हरभरा, बोर, सुपारी, लिंबू. बोरापर्यंत घरातल्या घरात बोलायचं, सुपारी झाली की गावातल्या डॉक्टरला दाखवायचं, लिंबू झालं की गाडी करायची. आम्ही सुपारीलाच गाडी केली, कारण ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसं बजावलं. रोज म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस तो, पण भवानीचं पोट त्यांनी दोन बोटांनी इतकं अलगद चाचपलं की ती जांभई देत पडून राहिली. “एक नाही, तीन आहेत. नाशिकला न्या, आणि पोळ्यापर्यंत थांबू नका,” ते म्हणाले.

कुत्रीला साधारणपणे स्तनांच्या पाच जोड्या असतात, दोन रांगांत. तिथे गाठ निघाली तर निम्म्या वेळा ती साधी असते आणि निम्म्या वेळा कॅन्सरची, आणि कोणती कुठली हे कापून तपासल्याशिवाय कळत नाही. पहिल्या माजाच्या आधी पिशवी काढून टाकली तर हा रोग जवळपास होतच नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. त्यावर शेजारचे नाना म्हणाले, “पूर्वी नसबंदीच्या शिबिरात नेली असती तर वर एक बादली मिळाली असती.” नानांनी त्या काळातली शिबिरं जवळून पाहिलेली आहेत. बादली अजून त्यांच्या मोरीत आहे.

पहिल्या श्रावणी सोमवारी भल्या पहाटे आम्ही निघालो. भूल द्यायची म्हणून आदल्या रात्रीपासून तिला काही खायला द्यायचं नव्हतं, आणि आईने कोणी न सांगता स्वतःचा उपास निर्जळी करून टाकला. चाळीसगाव, मालेगाव करत नाशिक गाठलं. तिथे केसपेपरवर नाव पडलं ‘ब्राउनी पाटील, मादी, वय 8’. आमच्या घराण्यात आडनावासकट इंग्रजी नाव लागलेली ही पहिलीच व्यक्ती. आधी छातीचा एक्स-रे काढला, कारण हा रोग पसरला तर बहुतेकदा फुप्फुसात जातो. फुप्फुसं स्वच्छ होती. मग एका बाजूची पाचही सडांची आख्खी रांग काढली. रात्री उशिरा घरी आलो तेव्हा काखेपासून जांघेपर्यंत टाक्यांची रेघ होती आणि भवानी भुलीच्या उतारात डोळे अर्धे मिटून काहीतरी पुटपुटत होती. तिच्या गळ्यात प्लॅस्टिकची मोठी कॉलर होती आणि माझ्या खिशात सूचनांचा कागद. दहा ते चौदा दिवस पळायचं नाही, उडी मारायची नाही, जिना चढायचा नाही, आंघोळ नाही, आणि टाके चाटायचे नाहीत. हे सगळं कोणी पाळायचं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

सकाळी सातला पहिली काकू केळी घेऊन हजर.

काकूंनी पावसाचं विचारलं, कपाशीचं विचारलं, कोपऱ्यात पोत्यावर पडलेल्या भवानीकडे बघून ‘डोळ्यांत तेज आहे हो’ असं म्हणाल्या. मग उठल्या, माझ्या बायकोला खुणेने ओट्यावर बोलावलं, दार ओढून घेतलं आणि कानाशी येऊन विचारलं, “तिले सांगेल शे का?”

बायकोला क्षणभर कळेचना. काय सांगायचं? कोणाला?

“कॅन्सरचं,” काकू नुसते ओठ हलवून म्हणाल्या.

मला वाटलं, काकूंची ही एकटीचीच तऱ्हा असेल. पण दिवसभरात जो येईल तो याच मुद्द्यावर येई. आत असेपर्यंत सगळे ‘ऑपरेशन’, ‘गाठ’, ‘तो आजार’ असं बोलत. कोणाच्या तोंडून चुकून ‘कॅन्...’ निघालं की दुसरा त्याला कोपराने ढोसून भवानीकडे डोळ्याने खूण करी. कॅन्सर झालेल्या माणसाला तो झालाय हे सांगायचं नाही, असा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज. चुलत्याला आम्ही शेवटपर्यंत ‘अल्सर आहे’ म्हणून सांगत होतो, आणि चुलता शेवटपर्यंत ‘मला माहितीये’ असं न सांगता आमची समजूत काढत होता. तोच रिवाज गल्लीने भवानीला लावला. तीन घरं पलीकडे बिस्किटाचा पुडा फाडला तरी जिला ऐकू येतं, तिच्यासमोर एवढी कुजबूज! तिच्या कानांना कुजबुजीचं काही नव्हतं, त्यांचं लक्ष पुड्याकडे होतं.

दुसरा कुजबुजता प्रश्न, “किती लागले?” या बाबतीत बायकोचं धोरण पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. ज्यांच्याकडून आपल्याला पैसे येणं आहे त्यांना खरा आकडा. ज्यांचं आपण देणं लागतो त्यांना निम्मा. माझ्या बहिणीला पाव. आणि ‘काय जमाना उना भो, मानूसले दवा भेटत नही आन कुत्राले आप्रेशन’ असं म्हणणाऱ्यांना ‘ट्रस्टचं होतं, फुकटच झालं’. जमान्याचं हे वाक्य म्हणणारे बहुतेक जण नव्या मोबाइलवर तिचा फोटो काढत होते, हे मी नोंदवून ठेवतो. तक्रार खोटी नाही. तालुक्याच्या गावात माणसाच्या दुखण्याचे काय हाल होतात ते मलाही दिसतं. पण ती नेमकी कुत्र्यासमोरच का आठवते, ट्रॅक्टरच्या शोरूमसमोर का नाही, हे मला कोडं आहे.

तिसरा प्रश्न, “टाटाला दाखवलं का?” आपल्याकडे कॅन्सर म्हणजे टाटा. परळचं टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झालं, आणि तेव्हापासून खानदेशातून ‘टाटाला नेलंय’ एवढं सांगितलं की पुढचं विचारायची गरज उरली नाही. मी हसत हसत “कुत्र्यांसाठी कुठला टाटा?” असं म्हटलं, तर पुण्याहून फोनवर लेकीने सगळ्यांदेखत स्पीकरवरून खुलासा केला की आहे. रतन टाटांच्या पुढाकाराने मुंबईत महालक्ष्मीला लहान प्राण्यांसाठी मोठं रुग्णालय 2024च्या जुलैत सुरू झालंय. गल्लीचा चेहरा उजळला. “बघा, आम्ही म्हणत नव्हतो!” वर आमच्या निवृत्त सरांनी भर घातली की खुद्द परळलाही जनावरांचा मोठा दवाखाना आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचा, टाटा रुग्णालयाच्या कितीतरी आधीपासूनचा. म्हणजे भवानीला परळला नेऊन ‘टाटाला नेलंय’ असं सांगितलं असतं, तरी फारसं खोटं ठरलं नसतं.

सरांचं एक आहे, ते आले की इतिहास येतोच. कॉलरचं खरं नाव एलिझाबेथन कॉलर, हे त्यांनीच सांगितलं. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राणीच्या दरबारात बायका-पुरुष गळ्याभोवती चुण्यांची मोठाली चाकं घालत, त्यावरून हे नाव पडलं. नानांनी दरबाराची पर्वा केली नाही. त्यांनी कॉलरकडे मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, “हे तर पाभरीचं चाडं. वरून हरभरा टाका, शेपटाकडून पेरला जाईल.” गल्लीतल्या पोरांनी त्याच दिवशी तो प्रयोग शेंगदाण्यांवर करून बघितला. शेंगदाणे पेरले गेले नाहीत.

ती कॉलर घालून भवानी घरात हिंडायला लागली आणि आमच्या घराची खरी मापं आम्हाला कळली. दोन कपाटांमधून तिला जाता येत नसे. दाराच्या चौकटीला ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून थडकून मग पार होई, आणि पार झाल्यावर चौकटीकडे वळून भुंके. पाहुण्यांच्या पोटऱ्यांवर मागून कॉलरची कड बसली की पाहुणा हातातला चहा सांडून ‘बरीच ताकद आलीये’ म्हणे. ताटलीपर्यंत तोंड पोचेना म्हणून आईने ताटली पाटावर ठेवली. पाट रोज जेवायला मांडायचा म्हणजे तो पुसायला आला, पुसला म्हणजे त्याच्याभोवती बोटाने पाणी फिरवायचं हेही आलं. सात जन्मांत कधी मला असं वाढलं गेलं नाही.

टाके चाटू न देण्यावरून दोन तट पडले. ‘कुत्र्याच्या जिभेत अमृत असतं, चाटल्यानेच जखम भरते’ हे नानांचं मत, आणि ते गावातल्या निम्म्या लोकांचं मत. लेकीने फोनवरून समजावलं की चाटून टाके सुटतात, जंतू आत जातात, मग पुन्हा भूल आणि पुन्हा कापाकापी. नाना म्हणाले, “आमच्या वेळी कुठल्या कुत्र्याने कॉलर घातली होती?” लेक म्हणाली, “नाना, तुमच्या वेळचं किती वर्षांचं कुत्रं तुम्ही बघितलंय?” हा प्रश्न नानांनी ऐकू आला नाही असं दाखवलं. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, पण फोन डाव्या कानाजवळ होता.

त्यात पावसाळा. श्रावणात उघड्या जखमेवर माश्या बसतात, अंडी घालतात आणि एका रात्रीत किडे पडतात. ही भीती कॅन्सरच्या भीतीपेक्षा मोठी होती, कारण ही डोळ्यांना दिसणारी होती. माश्या पळवायचा फवारा आणला. आईचं त्यावर भागेना. तिने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचं झबलं शिवलं, चार पायांना चार भोकं, पाठीवर तीन नाड्या, शेपटीसाठी काठाचा भाग कापून खाच. लाल काठ बरोबर पोटावरून जात होता. वर लहान बाळाची घडीची मच्छरदाणी टाकली. आता येणारा माणूस आधी मच्छरदाणी, मग झबलं, मग कॉलर असं ओलांडत रोग्यापर्यंत पोचे. एरंडोलकडची एक म्हातारी सगळं न्याहाळून ‘मुलगा झाला की मुलगी?’ असं विचारून गेली. सरांनी या सगळ्याला संगम माहुलीचा दाखला दिला. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची तिथे समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला होता, असं सांगतात. “हिने कोणाला वाचवलं?” नानांनी विचारलं. आई म्हणाली, “मला. मालिका बघण्यापासून.”

गोळीचं प्रकरण वेगळंच. सकाळ-संध्याकाळ जंतूंची गोळी आणि दुखण्याची गोळी. (शेजारून ‘माझी अंगदुखीची आहे, अर्धी देऊन बघा’ अशी सूचना आली होती. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडांची वाट लावू शकते, हे कागदावर ठळक अक्षरांत होतं म्हणून वाचलो.) केळ्यांसाठी नावाजलेलं काजगाव आमच्याच तालुक्यात, तेव्हा गोळी केळ्यात घालायची हे ठरलेलंच होतं. भवानीने केळं खाल्लं, दोनदा जीभ फिरवली आणि गोळी फरशीवर कोरडी, स्वच्छ, अगदी पाकिटातून आत्ताच काढल्यासारखी ठेवून दिली. पेढ्यातून गोळी परत आली. गुळाच्या खड्यातून परत आली. शेवटी तूप लावलेल्या पोळीत गुंडाळली तर ती पोळी घेऊन कॉलरसकट पलंगाखाली शिरली आणि मी तुपाची वाटी घेऊन तिच्या मागे. नामदेव महाराजांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा तेही तूप घेऊन धावले होते, पण त्यांना त्यात विठ्ठल दिसला. मला दिसली ती गोळी, पलंगाच्या पायाशी, मागच्या खेपेच्या दोघींच्या शेजारी. तोडगा सापडला तो बायकोला. तिने गोळी नुसतीच हातात धरून स्वतः खायचं नाटक केलं, मचमच आवाज काढला, मग ‘तुला नाही’ म्हणत मूठ मागे घेतली. भवानीने झडप घालून गोळी गिळली. हीच युक्ती ती माझ्या रक्तदाबाच्या गोळीला का वापरत नाही, असं मी विचारलं. ‘तुम्ही झडप घालणार आहात का?’ असं उत्तर आलं.

उपचार घेऊन येणारेही होतेच. हळद आली, गव्हांकुर आले, एक बाटली आली तिच्यात काय होतं ते वासावरून कळलं. सदाफुलीचा किस्सा मात्र लेकीच्या अति ज्ञानामुळे घडला. कोणीतरी धसकून विचारलं, ‘हा लागट तर नाही? आमचा वाघ्या रोज तिला हुंगतो.’ लेकीने सांगितलं, भवानीचा नाही, पण कुत्र्यांचा एक कॅन्सर खरंच एकाकडून दुसऱ्याला लागतो. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या अंगात तो उपजला, तो कुत्रा केव्हाच मेला, पण त्याच्या गाठीच्या पेशी समागमातून, हुंगण्या-चाटण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जात आजवर जगभर जिवंत आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांत तो आपल्याकडे खूप दिसतो आणि बहुतेकदा कापावंही लागत नाही, व्हिन्क्रिस्टीनची आठवड्याला एक सुई देत गेलं की बरा होतो. इथवर सगळे आ वासून ऐकत होते. इथेच थांबायला हवं होतं. पण ती पुढे म्हणाली, ‘आणि गंमत म्हणजे ते औषध सदाफुलीतून काढतात.’ संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर सदाफुलीचे भारे जमले. कुठल्या अंगणात नाही ती? मुळात सदाफुली अशीच खायला घातली तर कुत्र्याला विषबाधा होते, औषधाचा कण निघायला ढीगभर पाला लागतो आणि तो प्रयोगशाळेतच निघतो, हे सांगता सांगता लेकीचा घसा बसला. पाला आम्ही रात्री गुपचूप उकिरड्यावर टाकला. नाना पहाटे तिथूनच जातात. ‘वाया घालवली’ एवढंच म्हणाले.

खाण्याचं पथ्य मात्र आपोआप सांभाळलं गेलं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. खानदेशात हे पथ्य म्हणजे उपासमार, कारण आमच्याकडे लसणाशिवाय चटणी नाही आणि कांद्याशिवाय काळा मसाला नाही. पण आईचा चातुर्मास होता. तिच्या चुलीवरचं सगळं कांदा-लसणाविना, अळणी, तूप-भात, मुगाचं वरण. तिच्या ताटातलं जे भवानीला गेलं ते डॉक्टरांच्या कागदाबरहुकूम गेलं. शेवभाजीच्या वासाने आम्ही दोघं हॉटेलात पळत होतो आणि त्या दोघी घरात शास्त्रोक्त आहार घेत होत्या.

आणि मग कानबाई आली. नागपंचमीनंतरचा रविवार. ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगतो की या सणाला खानदेशी माणूस सुरतेहून, मुंबईहून, जिथे असेल तिथून घरी येतो. नारळाची कानबाई सजवून चौरंगावर बसवतात, रात्रभर जागरण, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर विसर्जन. रोटांचा गहू आमच्याकडे माणशी सव्वा मूठ मोजून घेतात आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला त्यातला तुकडाही जात नाही. आई गहू मोजायला बसली. एकेकाचं नाव घेत मूठ टाकत होती. सगळी नावं संपली. मच्छरदाणीकडे बघून तिची मूठ सुपावर तशीच राहिली.

“हिची?” तिने कोणालाच न विचारल्यासारखं विचारलं.

घरात पंधरा-वीस भाऊबंद. मोठ्या काकांनी ‘असं कधी झालं नाही’ असं म्हटलं. सुरतेच्या चुलतभावाने ‘आजारी आहे, चालतं’ असं म्हटलं. धाकट्या काकांनी ‘मग माझ्या गीरगाईंची पण टाका’ म्हणून जुनं काहीतरी उकरून काढलं. वाद रंगत चालला तेव्हा नाना, जे आमचे भाऊबंद नाहीत आणि म्हणून ज्यांना रोट मिळणार नव्हता, दारातून म्हणाले, “भाऊबंद म्हणजे कोण? जो बांधावरून भांडतो तो. हिने तुमच्यापैकी कोणाचा बांध कोरलाय? कोणावर दावा लावलाय? मग ही कसली भाऊबंद?”

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. त्या खोलीत तीन दावे चालू असलेली माणसं बसली होती.

रोट भवानीला मिळाला नाही. खीर मिळाली, मनुके वेचून काढून, कारण मनुकेही कुत्र्याला वर्ज्य. रात्री जागरणाला डफ वाजायला लागले तशी ती मच्छरदाणीतून झबल्यासकट बाहेर आली आणि गाणाऱ्या बायकांच्या मधोमध जाऊन बसली. कॉलर कानबाईकडे वळवून ती ऐकत होती. आलेल्या सगळ्या बायकांनी कानबाईला हळदकुंकू लावलं आणि जाता जाता बोट कॉलरलाही टेकवलं. सकाळी कॉलर लालपिवळी झालेली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी टाके काढताना ती बघून काळजीने विचारलं, हे रक्त कुठून आलं म्हणून.

काढलेल्या गाठी फॉर्मॅलीनच्या बाटलीत तपासणीला गेल्या होत्या. अहवालाची वाट सगळी गल्ली बघत होती. ‘निकाल लागला का?’ असंच विचारत. त्याच सुमाराला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून आश्रयगृहांत ठेवायचा हुकूम दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलून नसबंदी-लसीकरण करून परत जागच्या जागी सोडा असा केला. त्यामुळे आमच्या ओट्यावर ‘निकाल’ म्हटलं की कोणता, हे आधी विचारावं लागे. कुत्री हाकला म्हणणारे आणि कुत्री राहू द्या म्हणणारे रोज संध्याकाळी भांडत, आणि दोन्ही पक्षांचे लोक भांडता भांडता मच्छरदाणीतून हात घालून भवानीचे कान खाजवत.

अहवाल मोबाइलवर आला तो इंग्रजीत. गाठींपैकी दोन साध्या, एक कॅन्सरची, पण सौम्य दर्जाची. कापलेल्या कडा स्वच्छ. निवृत्त कंपाउंडर भाऊंनी तो चष्मा लावून मोठ्याने वाचला आणि ‘मार्जिन क्लीन’ या शब्दांशी थांबून खुशीत मान हलवली. कापसाचा व्यापार करणारा आमचा एक मित्र हबकला. “मार्जिन साफ? म्हणजे काहीच उरलं नाही?” त्याला समजावलं की इथे मार्जिनमध्ये काही न उरणं हाच नफा. ठरावीक महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढत राहायचा, दुसरी रांग चाचपत राहायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचपायचं काम आईकडे आधीपासूनच होतं, तिला आता फक्त अधिकृत कारण मिळालं. काकूंनी ओट्यावर दार ओढून घेऊन विचारलं, आता तरी तिला सांगणार का? बायको म्हणाली, “सांगितलं.” काकूंनी डोळे मोठे केले. “मग? काय म्हणाली?” “बिस्कीट मागितलं.”

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या आंघोळी चाललेल्या, गल्लीत झुली आणि बेगडाची गडबड. कॉलर उतरली होती, झबलं दोरीवर वाळत होतं. कासोद्याहून बायकोचे मामा आले. त्यांना बातमी उशिरा कळली होती, आणि निरोपात ‘भवानीला कॅन्सर’ एवढंच पोचलं होतं. त्यामुळे ती कुत्री आहे हे त्यांना गावात शिरल्यावर कळलं, पण तोवर त्यांनी शहाळी घेतलेली होती. आता भेटून जाणंच भाग होतं. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, दोन्ही हातांत शहाळी, चेहरा प्रसंगाला साजेसा पाडलेला, असे ते फाटक उघडून आत आले. मामांनी आजाऱ्याच्या घरी जावं तशी पावलं न वाजवता, हळूहळू चालायला सुरुवात केली. भवानीच्या हिशोबात पावलं न वाजवता घरात शिरणारा माणूस एकाच प्रकारचा असतो.

ती ओट्यावरून निघाली ती सूचनांच्या कागदावरच्या सगळ्या बंद्या मोडत, म्हणजे पळत, उडी मारत आणि दोन पायऱ्या एकदम उतरत. एक शहाळं गटारात गेलं, एक नानांच्या बैलाच्या पायाशी गडगडलं. धोतराचा सोगा भवानीच्या तोंडात राहिला आणि मामा, वय वर्षं बहात्तर, बघता बघता आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर दिसले. तिथून, उपरणं सावरत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “कोन म्हने रे हाई बिमार शे?”